बाबांचा शोमरोनी

माझे बाबा वलगावचे माळी. वांगी, मिरच्या आणि झेंडूतच त्यांचा जन्म गेला असता. पण अमरावतीच्या बाजारात कुणा उपदेशकाचं बोलणं त्यांच्या मनात शिरलं आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भावांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. जिवंतपणीच ते त्यांना मेले. मी तेव्हा मायच्या कडेवर होते. आम्ही अमरावतीला मिशनच्या आवारात राहायला आलो, आणि पुढं बाबा स्वतःच उपदेशक झाले.

त्यांची लाडकी गोष्ट शोमरोन्याची. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला एक यहूदी माणूस. याजक, म्हणजे पुजारी, त्याला पाहून बाजूनं निघून जातो, देवळात सेवा करणारा लेवीही जातो. थांबतो तो शोमरोनी, आणि त्याच्या जखमा बांधतो. बाबा हे वऱ्हाडीत सांगायचे तेव्हा तो रस्ता बडनेऱ्याचाच वाटायचा.

एकदा बाजारात लांब बसून ऐकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "शोमरोनी म्हंजे कोन, बाप्पा?"

"ज्याच्या हातचं पानी यहूदी पेत नव्हता, तो."

"म्हंजे आमीच का?"

"हो, तुमीच," बाबा म्हणाले. म्हातारा रडला. गावकुसाबाहेरच्या त्याच्या वस्तीतली घरं त्यानंतर एकेक करून आमच्या मंडळीत आली. उपासनेला बाबांच्या शेजारी बसू लागली. बाबा त्यांना भाऊ म्हणत.

मी मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथंच पहिलीला शिकवू लागले. अकोल्याहून एक शिक्षक पेटी वाजवायला येत. त्यांचे वडील अशाच वस्तीतून आलेले. कमी बोलत, पण मुलांनी सूर चुकवला तर रागवायच्या ऐवजी हसत. मला ते आवडत. त्यांनाही मी आवडत असावे, कारण एका रविवारी आमच्या चर्चचे पाळक त्यांना घेऊन मागणी घालायला घरी आले.

मी पाणी दिलं. बाबांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. पाहुणे गेल्यावर मायनं शिक्षकांचा पेला उचलला, राखेनं घासला, परत घासला, आणि बाहेर ओट्यावर उपडा ठेवला. बाबा बघत होते.

मीच विचारलं, "बाबा, काय सांगनार त्याईले?"

"नाही म्हनून सांगीन."

"काहून? रोज त्याईले भाऊ म्हनता नं?"

"म्हनतो. अन् मनापासून म्हनतो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "पन पोरगी देनं वेगळं असते. माह्या भावाईनं मले टाकलं, तरी आजून मले वाटते, एखाद्या दिवशी बलावतीन. हे केलं तं ते दारही गेलं, पोरी."

"अन् शोमरोनी?"

"ते पुस्तकात हाय," बाबा म्हणाले. मग आपल्याच बोलण्यानं दचकल्यासारखे उठून बाहेर गेले.

नकार पाळकांच्या हातीच गेला. पुढच्या बाजाराला बाबा मला घेऊन वलगावला गेले. थोरले काका भाजीचं दुकान मांडून बसले होते. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दादा, पोरगी लग्नाची झाली. आपल्यातला एखादा पाहून दे."

काकांनी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. "किरिस्तावाची पोरगी कोन करन? तू आमच्यात हायेस तरी का? सरक, गिऱ्हाइकं खोळंबून राह्यले."

बाबा सरकले.

अकोल्याचे शिक्षक त्यानंतर पेटी वाजवायला आले नाहीत. त्यांचं लग्न तिकडंच झालं. एकदा बडनेरा स्टेशनवर दिसले, बायको आणि कडेवर मुलगी. "बऱ्या आहात ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. गाडी आली, ते चढले.

बाबा उपदेश करत राहिले, पण आवाजातला जोर गेला. ऐकणारे कंटाळून उठू लागले. म्हातारा मात्र शेवटपर्यंत यायचा आणि "शोमरोन्याची सांगा नं" म्हणायचा. बाबा दुसरीच एखादी सांगायचे.

माय आधी गेली. मग बाबांना दिसेनासं झालं. खाटेवर पडल्या पडल्या ते मला विचारत, "वलगावहून कोनी आलं का?" सुरुवातीला मी खरं सांगायची. नंतर "येतीन" म्हणू लागले. ते ऐकून त्यांना झोप लागायची. ते गेले तेव्हा मी काकांकडं निरोप धाडला. कुणी आलं नाही.

आता मी बायबलबाई आहे. गावोगाव बायांना गोष्टी सांगत फिरते. त्या पाणी देतात, पेल्यात नाही, वरून, ओंजळीत. मी पिते. मग त्या विचारतात, "बाई, तुमचं गाव कोनतं?"

मी वलगाव सांगत नाही, अमरावती सांगते. त्या आणखी काही विचारत नाहीत.