पेज फॉल्ट आणि माळ्यावरची उशी

आमच्या वऱ्हाडात फॉल्ट म्हणजे लाईटचा. दुसरा फॉल्ट आम्हाला ठाऊक नाही. डीपीवर धडाम आवाज होतो, गल्ली बंद पडते, माणसं ओट्यावर येतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत बसतात, "सापडला का फॉल्ट?" त्यामुळे अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या घरमालकांना मी जेव्हा सांगितलं की सध्या माझं पेज फॉल्टवर काम चालू आहे, तेव्हा त्यांनी माझ्या हातात टेस्टर आहे का ते पाहिलं.

घरमालकांचं गाद्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर माझी खोली. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही. दिवसभर खाली कापूस पिंजायच्या मशीनची घरघर, आणि वर माझ्या पुस्तकांवर, चहाच्या कपावर, भुवयांवर रुईचा पातळ थर. मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. बायको अकोल्याला शाळेत शिक्षिका, चौथीतली मुलगी तिच्याजवळ. शनिवारी दुपारच्या एसटीनं मी अकोल्याला जायचो आणि रविवारी संध्याकाळी परत. दीड दिवसाचा गणपती असतो तसा मी दीड दिवसाचा नवरा. गणपतीची निदान आरती होते.

ती वर्षं वाईट होती. पेपरच्या पहिल्या पानावर रोज एखादं गाव आणि जीव दिलेल्या एखाद्या शेतकऱ्याचं वय. चाचा पेपर उघडायचे, एवढंच वाचायचे आणि घडी करून बुडाखाली घ्यायचे. मी त्यांच्याकडून खेळाचं पान मागून घ्यायचो आणि वर जाऊन कर्नल लिहायला बसायचो. आता लाज वाटते. तेव्हा मला ते फार महत्त्वाचं काम वाटत होतं.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी. मेमरी लहान, मागणारे प्रोग्राम फार. सगळ्यांची सगळी पानं मेमरीत मावत नाहीत, म्हणून बरीचशी डिस्कवर पडून असतात. एखाद्या प्रोग्रामनं पान मागितलं आणि ते जागेवर नसलं, की झाला पेज फॉल्ट. यात कोणाची चूक नसते. कारभारी प्रोग्रामला आहे तिथं थांबवतो. मागितलेलं पान खरंच त्याचं आहे का ते बघतो. नसेल तर त्याला हाकलतो. असेल तर डिस्कवरून आणून देतो. जागा नसेल तर ज्या पानाला सगळ्यात जास्त दिवस कोणी हात लावला नाही, ते बाहेर काढतो. मग प्रोग्राम चालू होतो, आणि आपण मध्ये थांबलो होतो हे त्याला कळतही नाही.

मुलांना शिकवायला असा एक छोटा कर्नल मी लिहीत होतो. तो चालायचा, पण त्याच्यावरचा प्रत्येक प्रोग्राम चुकीचं उत्तर द्यायचा. पान बरोबर यायचं, जागेवर बसायचं, आणि तरी उत्तर चूक. तीन महिने मी तेच बघत होतो. चाचा रोज सकाळी जिन्याखालून विचारायचे, "सर, फॉल्ट सापडला का?"

"नाही, चाचा."

"मंग लाईट कशी चालू हाय तुमची?"

त्याच दिवसांत एका शनिवारी अकोल्याच्या घरी दुपारी आडवा व्हायला गेलो, तर दिवाणावर माझी उशी नाही. मुलगी अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमची उशी माळ्यावर हाय. पाहुण्यांच्या गाद्यांमधी."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आठ दिवसातून एक डाव लागते. नुसती धूळ खाते. मंग टाकली वर."

शहाण्या नवऱ्याला वाईट वाटलं असतं. मला आनंद झाला. "अगं, कर्नल हेच करते," म्हणत मी खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि तिला पानं, जागा, डिस्क, सगळं समजावलं. माळा म्हणजे डिस्क, दिवाण म्हणजे मेमरी. शेवटची भाकर होईपर्यंत तिनं ऐकलं. मग हात पुसत म्हणाली, "तुमाले उशी पायजे का उदाहरण पायजे?"

मी उदाहरण घेतलं, आणि टॉवेलची घडी डोक्याखाली घेऊन झोपलो. पुढचे कितीतरी शनिवार तसाच झोपलो.

नंतर तिला पाहणीचं काम लागलं. ज्या घरातला कर्ता माणूस त्या वर्षांत असा गेला, त्या घरी जाऊन फॉर्म भरायचे. पातूरच्या पुढची गावं तिच्याकडे आली. शाळा करून ती दुपारच्या गाडीनं जायची. एका रविवारी मी बॅग भरत होतो आणि ती दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "परवा एका घरी फॉर्म भरून झाला, उठलीच होती मी. त त्या घरची बाई मले म्हणे, मॅडम, एक विचारू का…"

"अगं, साडेपाचची गाडी चुकन," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी सांग." आणि धावलो. गाडी मिळाली. खिडकीही मिळाली.

पुढच्या शनिवारी मी घरात पाय ठेवल्याबरोबर कॉलेजातला एक किस्सा सांगायला लागलो. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरा. ती ऐकायची, हसायच्या जागी थोडं हसायची. "काय झालं?" म्हटलं की "काही नाई." हळूहळू ती माझ्याशी भाजी, दूध, मुलीची फी-पावती, एवढंच बोलायला लागली. त्या घरात आता मी काही विचारलं की उत्तर मिळायचं. आपण होऊन मात्र कोणी मला काही सांगायचं नाही.

फॉल्ट सापडला तो चाचांमुळे. एका सकाळी कॉलेजला निघालो होतो, तर त्यांनी थांबवलं. एका मास्तरांनी शिवून नेलेली उशी परत आणल्याची गंमत ते सांगत होते. "मास्तर म्हणे, चाचा, या उशीत…" आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. लग्नाच्या गाद्या होत्या. माप झालं, कापड झालं, घासाघीस झाली, चहा झाला. गिऱ्हाईक पायरी उतरलं तशी चाचांनी माझ्याकडे मान वळवली. "…मास्तर म्हणे, चाचा, या उशीत खडा हाय."

मी कॉलेजला न जाता जिना चढून परत वर गेलो.

जिथं अडलं तीच ओळ पुन्हा चालवायला पाहिजे. प्रोग्राम पान मागता-मागता थांबलेला असतो, त्याचं मागणं पुरं झालेलं नसतं. माझा कर्नल पान आणून द्यायचा आणि त्याला पुढच्या ओळीवर सोडायचा. बाकीच्या अडथळ्यांना तो नियम चालतो, म्हणून मी तोच इथंही लावला होता. एक ओळ खोडली. उत्तर बरोबर आलं.

खाली येऊन सांगितलं, "चाचा, सापडला."

"काय होता?"

"अर्धी राहिलेली गोष्ट तिथूनच उचलायची होती. मी दरवेळी पुढची काढत होतो."

"इतकंच?"

"इतकंच."

"ह्यासाठी तीन महिने?" म्हणून ते पिंजायला बसले.

खोलीत परत गेलो तर कोणाला सांगावं कळेना. बायकोला शाळेत फोन केला. मधल्या सुटीत ती आली फोनवर, घाबरून. "आज काहून केला?"

"फॉल्ट सापडला."

"बरं झालं," ती म्हणाली. मागे मुलांचा कालवा ऐकू येत होता. मला वाटत होतं, तिनं काहीतरी विचारावं. तेवढ्यात मला ते दार आठवलं आणि दाराला टेकून ती उभी होती ते आठवलं. हे फोनवर विचारायचं नव्हतं. मंगळवार होता. शनिवार यायला फार वेळ लागला.

घरी पोचलो तेव्हा ती मेथी निवडत होती. मी बॅगही खाली ठेवली नाही. "त्या घरची बाई तुले म्हणाली, मॅडम, एक विचारू का. काय विचारलं तिनं?"

तिचे हात थांबले. "दीड महिन्यानं?"

"हो."

"आज गाडी नाई का तुमाले?"

"उद्या हाय."

तिनं बऱ्याच काड्या निवडल्या. मग बोलली. "ती म्हणे, मॅडम, तुमी शिकलेल्या हा. माणूस गेल्यावर त्याची उशी माळ्यावर कवा टाकाव लागते? सासू म्हणते आताच टाक. माह्यानं टाकवत नाई. काही नियम असते का?"

"तू काय सांगितलंस?"

"नियम नसते म्हटलं. राहू द्या म्हटलं जिथं हाय तिथं." मग मेथीकडे पाहतच म्हणाली, "आन मी घरी आली, त वर नजर गेली. मी त जित्या माणसाची टाकून ठेवली."

मी स्टूल ओढलं आणि चढलो. उशी पाहुण्यांच्या दोन गाद्यांमध्ये दबून चपटी झाली होती. ती खाली घेताना मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या परत वर टाकाव लागन नं?"

बायकोनं तिच्या हातातून उशी घेतली आणि दिवाणावर ठेवली.

रविवारी मी निघालो तेव्हा उशी दिवाणावर होती. पुढच्या शनिवारीही तिथंच होती, धूळ झटकलेली. मी अमरावती सोडेपर्यंत चार वर्षं ती तशीच दिवाणावर राहिली. आठवड्यातल्या बहुतेक रात्री तिच्यावर कोणाचं डोकं नसायचं.