तिखट प्यायलेली जीप

रनाळ्याहून मायचा फोन आला, "बाई, नाना गया वं..." आणि मला पहिल्यांदा काय आठवावं? तिखट! थोरला भाऊ गेल्याचं ऐकत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि नाकात लाल मिरचीचा ठसका! महिना होऊन गेला, तो ठसका काही जात नाही.

मी नोकरीनिमित्त धडगावला, पण होळीला रनाळ्याला घरी यायचे. दर होळीला नानाभाऊ आपल्या जुन्या जीपमधून मायला आणि मला काठी गावची प्रसिद्ध होळी दाखवायला न्यायचा. पण रेडिएटर गळका. धडगावच्या घाटातल्या आंब्याच्या वळणावर जीप उकळणार, मग कॅनमधलं पाणी तिला पाजायचं, हा नेमच. गळती बुजवायला आमच्याकडे रेडिएटरमध्ये हळद टाकतात. एका होळीला घरात हळद नव्हती. मिरचीसाठी गाजलेल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या या वीरानं काय करावं? मिरचीची पूड ओतली! आंब्यापाशी झाकण उडालं आणि अरे बापरे, ती वाफ! आम्हीच काय, मागच्या जीपमधली माणसंसुद्धा शिंकून बेजार. "हाई गाडी शे का फोडनी?" माय कडाडली. "आते मी हाई गाडीमा बसाव नई!"

आणि खरंच बसली नाही. पुढची होळी मायशिवाय गेली. नाना वरवर हसत होता, पण त्याला चैन पडेना. शेवटी पेटलाच इरेला. त्या जीपचा मूळ कंपनीचा रेडिएटर मिळेनासा झालेला. मिस्तरीनं दुसऱ्या एका चांगल्या कंपनीचा काढला.

"नकली शे का रे?"

"नकली येगळा, हाऊ येगळा. जुना बाजूले ठेवा अन् दखा, नानाभाऊ."

पाइपांची तोंडं, बोल्टची भोकं, सगळं तंतोतंत. जाळी तर जुन्याहून जाड. आधी इंजिन धुतलं, तर लाल पाणी आलं! मिस्तरीच शिंकत सुटला. नवा रेडिएटर बसवला, कूलंट भरलं आणि नानानं जीप थेट मायच्या सारवलेल्या अंगणात आणून चालू ठेवली. "एक थेंब पडना ते बसू नको!" माय उंबऱ्यावर बसून टक लावून जीपखाली बघत राहिली. अंगण कोरडं ठणठणीत. मग नाकाला पदर बांधून, देवाचं नाव घेत बसली एकदाची.

काय चढली ती जीप! आंबा आला तरी तापमानाचा काटा मधल्या मधेच! "दख माय, दख!" नाना हॉर्नवर हॉर्न वाजवत ओरडत होता, मी टाळ्या पिटत होते. "गप गाडी चालाड, येडा!" म्हणत मायनं नाकावरचा पदर सोडला. माझा भाऊ इतका खूश मी कधीच पाहिला नव्हता.

कॅन मात्र त्यानं शेवटपर्यंत ठेवला. दुसऱ्या कुणाची गाडी तापली तर, म्हणायचा.

परवा मायला माझ्याकडे आणलं. जीप मीच चालवत होते, त्यानंच शिकवलेली. आंब्यापाशी माय म्हणाली, "थांब."

"माय, गाडी तापनी नई शे."

"माले माहीत शे."

ती उतरली, कॅन काढला, सगळं पाणी आंब्याच्या बुडाशी ओतलं. परत येऊन बसली आणि पदर नाकाडोळ्यांवर धरला.

"अजून तिखट शे वं, बाई..." म्हणाली.

मी तिच्या बाजूची काच खाली केली.