मिरचीवाले भाऊ आणि आमचा खड्डा

शेजारच्या मिरचीवाल्या भाऊंइतका गोड बोलणारा माणूस अख्ख्या नंदुरबारात सापडणार नाही. नाही म्हणतानाही ते हात जोडतात. कॉलनीतल्या आम्ही बायकांनी मोकळ्या प्लॉटवर ओल्या कचऱ्याच्या खतासाठी खड्डा केला, तेव्हा नारळ त्यांनीच फोडला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गोदामातली देठं नि सडकी मिरची पोत्यांनी त्यात पडू लागली. मी हटकलं, तर हात जोडून म्हणाले, "सगळं मातीच व्हई जाई, ताई."

खड्ड्यातली गांडुळं मेली. ती मिरची उपसताना आमचे हात असे पोळले की रात्रभर झोप नाही. भाऊ म्हणाले, "तुमना गांडूळच नाजूक शेतस."

पुढे खड्डा घाण वास मारू लागला, तेव्हा नाकाला रुमाल लावून नगरपालिकेत तक्रार करायलाही तेच गेले. खड्डा बुजवला गेला. आता तिथे भाऊंची मिरची वाळत असते.

काल भाजीची सालं घंटागाडीत टाकायला मी तिथून निघाले होते. भाऊ मिरची उलथवत होते. मला बघून थांबले, हात जोडले आणि हळहळून म्हणाले, "खड्डा चांगला व्हता, ताई. तुम्हले टिकाडता नही उना."