पाइपला कोण धूम्रपान म्हणतो

पाइप ओढणाऱ्या माणसाबद्दल माझं मत वाईट आहे, आणि ते मी दोन वर्षं स्वतः पाइप ओढून बनवलेलं आहे. तेव्हा या बाबतीत कुणी मला शिकवायला येऊ नये. विडीवाला विडी ओढतो आणि कामाला लागतो. पाइपवाला आधी चारही खिसे चाचपतो, मग डबी उघडतो, चिमटीचिमटीने तंबाखू भरतो, अंगठ्याने दाबतो, तीन-चार काड्या जाळतो, आणि एवढा खटाटोप करून दोन झुरके घेतो न घेतो तोच पाइप विझतो. की पुन्हा खिसे चाचपायला सुरुवात. बघणाऱ्यांना वाटतं, काय गहन विचार चाललाय. विचार एवढाच असतो की काडेपेटी कुठे ठेवली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. अंबरनाथला मोरिवली गावाच्या अंगाला रंग आणि वार्निश करणारा एक कारखाना होता, तिथे मी केमिस्ट म्हणून लागलो. राहायला बदलापूरला होतो, सायकलने यायचो-जायचो. आवारात टर्पेंटाइनची पिंपं, जवसाच्या तेलाच्या टाक्या, तेल प्यालेल्या चिंध्यांचे ढीग, त्यामुळे फाटकावर नियम कडक होता. आत शिरताना प्रत्येकाने आपलं विडीबंडल आणि काडेपेटी दरवानाच्या हवाली करायची. त्याच्या मागे भिंतीला खणाखणांचं लाकडी कपाट होतं, प्रत्येक खणावर बिल्ल्याचा नंबर. शिवाय तो खिसे बघायचा, टोप्या झटकायला लावायचा. संध्याकाळी सुटताना ज्याची त्याची वस्तू परत. साहेबलोकांची झडती नसे.

केमिस्ट हा प्राणी तेव्हा धड साहेबांत नव्हता, धड कामगारांत नव्हता. पहिल्याच आठवड्यात दरवानाने मला अडवून सिगारेटचं पाकीट मागितलं आणि दोन विडीबंडलांच्या मधल्या खणात ठेवून दिलं. मी तिथे उभा असतानाच आमचे मॅनेजर आले. हे विलायतेला दीड वर्ष काढून आले होते आणि त्यानंतर त्यांनी दुसरं काही केल्याचं कुणाला माहीत नव्हतं. तोंडात पाइप, पाइपातून धूर, आणि दरवानाने खाडकन सलाम ठोकला.

"हे कसं चालतं?" मी विचारलं.

"साब, वो तो पाइप है," दरवान म्हणाला, आणि असा काही चेहरा केला की बी.एस्सी. झालेल्या माणसाला एवढंही कळू नये.

मी पाटी वाचली. विडी, सिगारेट आणि काडेपेटी आत नेण्यास सक्त मनाई. पाइपचं नाव कुठेच नव्हतं. पाटी अर्थात मॅनेजरांनीच लिहवून घेतलेली होती. शहाण्या माणसाने यावर हसून सोडून दिलं असतं. मी पुढच्या रविवारी उल्हासनगरला पाइप आणायला गेलो.

कॅम्प दोनच्या बाजारात एका सिंधी गृहस्थांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. पुढे बटणं, कंगवे, फाउंटन पेनं, आणि मागच्या फळीवर पाच-सहा पाइप. तंबाखूच्या डब्यांवर जहाजांची आणि दाढीवाल्या गोऱ्यांची चित्रं होती. मी ऐटीत विचारलं, माल विलायती आहे ना. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "साईं, डब्बा विलायती है. तमाखू गुजरात की है, खुशबू हमारी है." आणि कसलाही आडपडदा न ठेवता सगळी कृती सांगितली. तंबाखूवर गुळाचं पाणी शिंपडायचं, ओल्या फडक्यात दाबून ठेवायची, वरून बिस्किटवाल्यांकडच्या व्हॅनिला इसेन्सचे थेंब. सुकू नये म्हणून डब्यात बटाट्याची चकती. त्या अख्ख्या प्रकरणात खरं बोललेला पहिला माणूस तो, आणि त्याचंही मी ऐकलं नाही.

आता सुखाचं सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता चरफडतो. वास खरोखर छान होता. पेटवल्यावर पहिली पाच मिनिटं गूळ, व्हॅनिला आणि भाजलेले शेंगदाणे मिळून एक वास खोलीभर पसरे, शेजारीपाजारी विचारत, आज काय केलंय. गोम अशी की तो वास फक्त समोरच्याला येतो. ओढणाऱ्याच्या वाट्याला येतो तो कढत धूर, पोळलेली जीभ, आणि मध्येच नळीतून घशात उतरणारा कडू काढा. लोकांच्या नाकासाठी आपली जीभ भाजून घ्यायची, याला शौक म्हणतात. बायकोला पहिल्या दिवशी वास आवडला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, शिरा करपल्यासारखं वाटतंय घरभर. उशीलासुद्धा तोच वास." नळी साफ करायला मी तिची विणायची सुई घेतल्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. पण पहिल्याच सोमवारी फाटकावर दरवानाने पाइप पाहिला, काडेपेटीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला आणि अर्धवट का होईना, सलाम केला. त्या अर्ध्या सलामासाठी मी दोन वर्षं तो काढा गिळला.

आमच्या कारखान्यात ज्याला खरोखर काही येत होतं असा एकच माणूस होता, तो म्हणजे भट्टीवाला. मोरिवलीचा आगरी, पन्नाशीचा. कारखान्याच्या जागेतला एक तुकडा त्याच्या भातशेतीचा होता. जमीन घेतली त्या बदल्यात त्याला कायमची नोकरी दिली होती, आणि पूर्वी त्याचं भात जिथे उभं राहायचं तिथेच आता त्याची भट्टी होती. नोकरी गेली तर मागे फिरायला शेत नव्हतं, हे तोही जाणून होता आणि आम्हीही. वार्निश शिजत आलं की नाही हे मी थर्मामीटर लावून सांगायचो, तो नुसता वास घेऊन सांगायचा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर त्याचं बरोबर निघायचं.

एक दिवस त्याने मला हात जोडून सांगितलं, "सायब, रागवू नका. यो पाइप घेऊन भट्टीजवल नका येव. तुमच्या गोड वासात मना राळंचा वास गावत नाय." बोलणं अगदी रास्त होतं. मला मात्र ते झोंबलं. ज्या पाइपला दरवान सलाम करतो त्याला हा भट्टीवाला हुसकावतो. मी तोंड फुगवून तिथून निघालो आणि त्या दिवसापासून तेलकट चिंध्या भरलेल्या खोपटामागे जाऊन उभा राहायला लागलो. सावली असे, कुणी येत नसे. रोज दुपारी तिथे पाइप ओढायचा आणि संपला की खोपटाच्या कुडावर ठोकून राख झाडायची. आत काय भरलंय हे केमिस्टला कुणी सांगायला हवं होतं अशातला भाग नाही. पाइपवाल्याला आपली राख ही इतरांच्या राखेसारखी आहे असं वाटत नाही, एवढंच.

एका दुपारी मी राख झाडून प्रयोगशाळेत परत आलो आणि दहा-पंधरा मिनिटांत ओरडा ऐकू आला. खोपट पेटलं होतं. टर्पेंटाइनची पिंपं तिथून वीस पावलांवर. वास सगळ्यांत आधी भट्टीवाल्यालाच आला होता. आम्ही पोचलो तोवर त्याने एकट्याने घमेल्याने वाळू टाकटाकून आग निम्मी दाबली होती. कोपरापासून मनगटापर्यंत त्याचा उजवा हात भाजला होता. आग विझली आणि पिंपं वाचली. मॅनेजर शेवटी आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, इथे विडी कोण ओढत होतं, हा.

धावपळीत भट्टीवाल्याचं मुंडासं सुटलं होतं. त्याच्या कानावर एक विडी होती. सकाळी बंडल दरवानाकडे देताना ही एक मुंडाशाखाली कानावर राहून गेली होती, त्या लोकांची ती सवयच. घामाने भिजून तिचा लगदा झाला होता, ती पेटवायची म्हटली असती तरी पेटली नसती. अंगावर काडेपेटी नव्हती. पण पाटीवर विडीचं नाव होतं, आणि खोपटाला सगळ्यांत जवळची भट्टी त्याचीच होती. मॅनेजरांनी ती विडी रुमालात धरून सगळ्यांना दाखवली आणि त्याला पुन्हापुन्हा विचारलं, तू ओढलीस का; तो दर वेळी नाही म्हणाला. भट्टीवाल्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं, उद्या दुपारी निकाल.

मी त्या वेळी मूग गिळून उभा होतो. भीती होती हे तर खरंच, पण त्याहून लाज वाटली ती या गोष्टीची की माझा हात आपोआप खिशावर गेला, पाइप दिसतोय का बघायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी मॅनेजरांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, "साहेब, आग माझ्यामुळे लागली. मी तिथे पाइप झाडला होता."

ते त्यांचा पाइप भरत होते. त्यांनी तो शांतपणे पेटवला, विझला, पुन्हा पेटवला. मग हसले. "तुमचं मन मोठं आहे. कामगारासाठी असं पुढे यायला धैर्य लागतं. पण पाइपने कधी आग लागते का? पंधरा वर्षं ओढतोय मी."

मी काही बोलणार तोच ते पुढे म्हणाले, "आणि हे लिहून घेतलं तर उद्या पाटीवर पाइपही लिहावा लागेल. मग तुमचा पाइप दरवानाच्या खणात, आणि माझाही. कसं दिसेल ते?" एवढं बोलून त्यांनी आपला तंबाखूचा डबा टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "घ्या. तुमची ती बाजारी सोडा. ही खरी."

आणि मी घेतली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्यांच्यासमोर बसून मी पाइप भरला, त्यांनी काडी धरली, आणि मी ओढला. जीभ पोळली नाही. इतकी उत्तम तंबाखू मी आयुष्यात पुन्हा ओढली नाही. मॅनेजर हवेबद्दल बोलत होते आणि मी मान डोलावत होतो. दुपारी भट्टीवाल्याचं नाव हजेरीपटावरून काढलं.

संध्याकाळी मी मोरिवलीत त्याच्या घरी गेलो. का गेलो, तर माझं मन हलकं व्हावं म्हणून, दुसरं काही नाही. तो ओटीवर बसला होता, हाताला खोबरेल लावून केळीचं पान गुंडाळलं होतं. त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, "आग माझ्या पाइपने लागली. मी साहेबांना सांगितलं, एकदा स्पष्टच सांगितलं. त्यांनी मानलं नाही."

"मना म्हाईत हाय," तो म्हणाला. "आग लागली तवा वास कसला व्हता ता मना नाय कलनार तं कोनाला कलल?"

"मग काल तिथे बोलला का नाहीस?"

"मना वाटला, तुमी बोलाल."

चहा आला. त्याने डाव्या हाताने कप माझ्यापुढे सरकवला. तो समोर कारखान्याच्या धुराड्याकडे बघत होता, म्हणजे त्याच्या शेताकडे. रागावलेला दिसत नव्हता, एखादा हिशेब लागत नाही तसा दिसत होता. मग त्याने विचारलं,

"सायब, मना त्यांनी तीनदा इचारला, विडी तू ओढलीस का. तीनी येला मी नाय बोललो. तुमी येकदाच कसा सांगितला?"