वैशालीच्या प्रोग्रामची मेमरी

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाही कळलेलं नाही.

पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी सर्व्हर सांभाळतो. वैशाली तिथे प्रोग्राम लिहायची. भेस्तानहून यायची, वडील धुळ्याकडचे, लूमवर राबलेले. कापडाचा नमुना दिला की कुठला रंग किती घालायचा ते सांगणारा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला. शेठ सगळ्यांसमोर कौतुक करायचे. मला ते — हो, खुपायचं.

आमच्या सर्व्हरवर लिनक्स ही प्रणाली आहे; अशा एकाच मशीनवर बरेच प्रोग्राम चालतात. एकानेच सगळी मेमरी खाऊ नये म्हणून प्रत्येकाचा वेगळा गट करून त्याला मर्यादा घालता येते. गट मर्यादेला टेकला आणि काही मोकळं करता आलं नाही, की लिनक्स त्या गटातला प्रोग्राम मारून टाकतं — मशीनवर बाकी कितीही मेमरी रिकामी असो. तिच्या गटाला चाचणीपुरती मी एक जीबीची मर्यादा घातली होती. काढायची राहिली. इथपर्यंत ती चूकच होती.

मग तिचा प्रोग्राम भर दुपारी बंद पडू लागला. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला, तर स्पष्ट लिहिलेलं — मेमरी मशीनची नव्हे, गटाची संपली. एक आकडा बदलायचा होता. मी काय केलं? शेठना म्हणालो, "हिचा प्रोग्राम मेमरी खातो." तिला ते लॉग दिसत नसत, ती मलाच विचारायची. तीन आठवडे ती स्वतःच्या कोडमध्ये नसलेला दोष शोधत राहिली. डोळे सुजलेले असायचे. मी शेजारी बसून चहा प्यायचो.

एकदा रंगाईच्या मशीनवर कापड चढलेलं असतानाच प्रोग्राम मेला, अख्खा लॉट बिघडला. शेठ त्यांच्या गुजरातीत एवढंच म्हणाले, "नहीं चाले." तिची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी मी मर्यादा वाढवली. तिची एक ओळही न बदलता तो प्रोग्राम आजही चालतो. दुरुस्ती मी केली, असं सगळे समजतात — मीच तसं समजू दिलं.

मागच्या वर्षी ती भाजीबाजारात भेटली. साड्यांना लेस लावायचं काम घरी आणते म्हणाली.

"कॉम्प्युटर माझ्या डोक्याचं काम नव्हतंच, सर. माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास झाला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना?

मी म्हणालो, "असू दे."