क्वीन्सटाउनमधलं फ्रँकफर्ट

परवा शनिवारी भर दुपारी मी फ्रँकफर्टच्या एअरपोर्टवर चालत होतो... पायाखाली मात्र आमचं सिंगापूरचं क्वीन्सटाउन होतं.

नीट सांगतो. माझ्या सासूबाई नाशिकहून आमच्याकडे सिंगापूरला आल्या होत्या. त्यांची धाकटी लेक प्राची नॉर्वेत, ऑस्लोला, दिवस भरत आलेले. बाळंतपणाला त्यांनी इथूनच जायचं ठरलं... एकटीने, फ्रँकफर्टला विमान बदलून.

आजवर प्रत्येक प्रवासात दोघांचे पासपोर्ट सासऱ्यांच्या खिशात असायचे. ते गेल्या वर्षी गेले.

एअरलाइनकडे व्हीलचेअर मागू या का, असं मी सुचवून पाहिलं. "बाळंतिणीला हात धरून उठवणारी बाई स्वतः खुर्चीत बसून जाईल होय? चालत जमलं तर जाईन जावईबापू, नाही तर राहू दे." विषय संपला.

आता मी पडलो ड्रॉइंगचा माणूस. सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये हेल्पर म्हणून लागलो आणि पायपिंगची ड्रॉइंग्ज वाचायला माझा मीच शिकलो. एअरपोर्ट म्हणजे तरी काय... पायपिंगच. पाण्याऐवजी माणसं वाहतात. मी फ्रँकफर्टला कधी गेलेलो नाही, पण नकाशे आणि लोकांचे व्हिडिओ बघून एक स्वच्छ ड्रॉइंग काढलं.

कागदावर त्यांना काही उमजेना. मग एका संध्याकाळी डोक्यात आलं... अख्खं फ्रँकफर्ट आपल्या ब्लॉकखालीच मांडता येईल की.

लिफ्टचं दार म्हणजे विमानाचं दार, बी गेट. खाली ब्लॉकच्या मोकळ्या तळमजल्यावरच्या, व्हॉइड डेकमधल्या टपालपेट्या म्हणजे पासपोर्ट कंट्रोल. तिथून निघणारी छपराची लांब पायवाट म्हणजे बी-कडून ए-कडे नेणारा बोगदा, आणि खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमधला कोपीचा, इथल्या कॉफीचा, स्टॉल म्हणजे ए गेट. तिथून ऑस्लो.

"आधी बी आणि मग ए? उलटी बाराखडी आहे का हो ही?" सासूबाईंनी विचारलं.

रोज संध्याकाळी आमचा सराव. टपालपेट्यांपाशी माझी बायको मीनल ऑफिसर होऊन उभी. "व्हाय आर यू गोइंग टू नॉर्वे?"

"अगं, तुझ्याच बहिणीकडे!"

"आई, इंग्लिशमध्ये."

"युअर सिस्टर!" ऑफिसर हसत सुटायच्या आणि सासूबाई ऐटीत पुढे.

मी बारकावे घोटून घेत होतो. शिक्का फ्रँकफर्टलाच बसतो, ऑस्लोला नाही. मोठी बॅग परस्पर ऑस्लोला जाते, तिला शोधत बसायचं नाही. पाण्याची बाटली सिक्युरिटीच्या आधीच रिकामी करायची. पासपोर्ट कंट्रोल हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकदा पलीकडे गेलं की मागे फिरत नाही.

"म्हणजे सासरचा उंबरठाच की," सासूबाई म्हणाल्या.

आमचं एकाच जागी बिनसायचं. टपालपेट्या ओलांडल्या की डाव्या हाताला झाडाखाली एक बाक आहे. ब्लॉकमधल्या एक चिनी आजी तिथे बसलेल्या असतात. त्या शेजारची जागा हाताने थोपटायच्या आणि सासूबाई खुशाल जाऊन बसायच्या. एकीला मराठी, दुसरीला चिनी... तरी दोघींचं छान चालायचं.

"आई, ड्रॉइंगमध्ये इथे बाक नाहीये. बसायचं नाही."

"माणसं दमतात तिथं बाक असतोच, जावईबापू."

"नकाशात नाही."

"बरं, मग नकाशावाल्यांना दमू द्या."

शुक्रवारी रात्री त्या गेल्या. फोन पर्सच्या तळाशी, बंद. "वाटेत तुमच्याशी बोलत बसले तर पाट्या कोण वाचेल?"

शनिवारी दुपारी, तिकडे पहाट झाली असेल तेव्हा, विमान उतरल्याचं स्क्रीनवर दिसलं... आणि मला घरात बसवेना. लिफ्टने खाली आलो. आता त्या दारातून बाहेर पडत असतील. आता पाटी वाचत असतील. टपालपेट्यांवर पाना-पानांतून ऊन पडलं होतं आणि ते ऊन मला काचेतून आल्यासारखं, थंड वाटत होतं.

छपराखालून मी अगदी हळू चालत राहिलो, त्यांच्या पावलांनी. समोरून येणारे काका मला बॅग ओढणारे प्रवासी वाटले. कोपीच्या स्टॉलशी पोहोचलो आणि उभाच राहिलो... गेट उघडायची वाट बघत. कोपीवाल्या काकांनी दोनदा विचारलं, "बॉस, ड्रिंक व्हॉट?" तेव्हा कुठे मी सिंगापूरला परतलो.

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. आई पोहोचली! मीनल रडायलाच लागली. मग पलीकडून तोच खणखणीत आवाज... "जावईबापू, तुमच्या फ्रँकफर्टात एक चूक आहे."

माझ्या ड्रॉइंगमध्ये चूक! मी सरसावून बसलो. "कुठे?"

"बाक आहे तिथं."

मग आवाज जरा उतरला. "शिक्का बसला, पासपोर्ट हातात आला... आणि सवयीनं द्यायला वळले हो. यांच्याकडे. मागे कुणीच नाही. पायच उचलेनात. वाटलं, संपलं, आता बोलवावी ती खुर्ची. तेवढ्यात बघते तर डाव्या हाताला बाक. बसले जरा. शेजारची जागा थोपटली उगीच. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये ठेवला, चेन लावली... आणि उठले."

"ए गेट सापडलं?" मी विचारलं.

"न सापडायला काय झालं? रोज तर जात होते."

रविवारी सकाळी मी ड्रॉइंग पुन्हा काढलं. आमच्यात दुरुस्ती झाली की कोपऱ्यात 'रिव्हिजन' लिहायची पद्धत आहे. लिहिलं. पासपोर्ट कंट्रोलनंतर, डाव्या हाताला, बाक. स्केलमध्ये.

मग खाली गेलो. चिनी आजी एकट्याच होत्या. माझ्या मागे कुणी येतंय का ते त्यांनी वाकून पाहिलं. मी हाताने आकाशातलं विमान दाखवलं आणि अंगठा वर केला. त्या खुदकन हसल्या... आणि शेजारची जागा थोपटली.

इतक्या सरावात मी त्या बाकावर एकदाही बसलो नव्हतो. फार छान वारा येतो तिथे, फ्रँकफर्टमध्ये.