दक्षिणायन, पोहे आणि कापसातला बिबट्या

बिबट्या पकडण्याचा मला कसलाही अनुभव नाही, हे मी त्या गावात पाय ठेवल्या ठेवल्या सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

मी यवतमाळच्या एका शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवतो. दिशा, नकाशे, अक्षांश, रेखांश हा माझा प्रांत. (घरात किराणा कुठल्या डब्यात आहे हे मला सांगता येत नाही, पण तो स्थानिक भूगोल झाला!) तर डिसेंबरच्या सुरुवातीला एका सुट्टीत माझा साळा प्रशांत पुण्याहून आला. हा दर शनिवारी कुठला ना कुठला गड चढतो आणि रविवारी त्याचे फोटो आम्हाला पाठवतो. जेवताना तो सहज म्हणाला, "भाऊजी, तुमच्याकडे बाकी सगळं छान आहे, पण डोंगर नाहीत. टेकड्या आहेत."

माझ्या हातातली भाकर हातातच राहिली. यवतमाळच्या रस्त्यांबद्दल बोला, उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल बोला, माझ्याबद्दल तर कोणीही बोलतं. पण डोंगर!

"उद्या सकाळी सात वाजता तयार राहा," मी म्हणालो. "टेकडी काय असते ते दाखवतो तुले."

"अवो, तुमी कधी गेलते त्या डोंगरावर?" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"बावीस वर्षं नकाशात पाहून राह्यलो!"

सकाळी प्रशांत तयार होऊन आला तेव्हा मला वाटलं हा सीमेवर निघालाय. खाकी शर्ट, खाकी पँट, डोक्याला कान झाकणारी टोपी, कमरेला दोर, गळ्यात दुर्बीण. पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडात, म्हणजे चालता-बोलता सलाईन लावल्यासारखा. वर त्यानं माझ्यासाठीही तस्साच पोशाख भेट आणला होता. त्या पँटला गुडघ्याशी चेन होती. ती उघडली की खालचा पाय सुटून यायचा आणि फुल पँटची हाफ पँट व्हायची. एवढे खिसे होते की किल्ली ठेवली तर ती शोधायला वेगळी सहल काढावी लागली असती.

"बाबा, तुम्ही अगदी वनरक्षक दिसता," माझी मुलगी मुग्धा म्हणाली. ती नववीत आहे, माझ्याच वर्गात. मला त्या वेळी फार बरं वाटलं.

दारव्हा रोडला डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली आणि चढायला लागलो. सागवानाच्या वाळलेल्या पानांचा पायाखाली असा आवाज होत होता, की जणू चौघं मिळून पापडाच्या ढिगावरून चाललोय. दहाव्या मिनिटाला मला दम लागला. मग मी दर पन्नास पावलांवर थांबून झाडांची माहिती द्यायला लागलो. दम लपवण्याचा शिक्षकी मार्ग तोच.

"हे झाड कोणतं, भाऊजी?"

"हे... सागवान."

"आणि हे?"

"हेही सागवानच. पण वयानं मोठं."

माथ्यावर पोहोचेस्तोवर साडेबारा वाजले. सुनंदानं फडक्यात बांधलेल्या पुऱ्या, डब्यातला ठेचा आणि बेसन (पुण्याच्या भाषेत पिठलं) असं सगळं एका खडकावर मांडलं. समोरच्या झाडावर पंधरा-वीस वांदरं बसली होती.

"पिशवी जवळ घ्या बरं," ती म्हणाली.

"काही करत नाहीत ती. वन्य प्राणी माणसाच्या अन्नाला..."

वाक्याचं क्रियापद यायच्या आत पुऱ्या झाडावर गेल्या! त्यामागून बेसन गेलं. ठेचा मात्र एकानं चाखला, माझ्याकडे अतिशय दुखावलेल्या नजरेनं पाहिलं आणि डबा दरीत भिरकावला.

आता उपाशीपोटी लवकर खाली उतरणं भाग होतं. प्रशांतनं मोबाइल काढला. "रेंज नाही, पण ऑफलाइन नकाशा आहे माझ्याकडे."

"ठेव तो खिशात. भूगोलाचा मास्तर सोबत असताना मोबाइल कायले पायजे?" मी काठी जमिनीत रोवली. "गाडी पूर्वेला आहे. दुपार कलली. सूर्य पश्चिमेकडे, म्हणजे सावली पूर्वेला. सावलीच्या मागं चाला!"

"बाबा," मुग्धा म्हणाली, "पण आता दक्षिणायन आहे ना? तुम्हीच शिकवलं. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला असतो. मग सावली उत्तरेला पडेल."

"मोठ्यांच्या मधात बोलू नये."

आणि आम्ही सावलीच्या मागं, म्हणजे थेट उत्तरेकडे निघालो.

दोन तास उतरलो. करवंदीच्या जाळ्या, घसरडे दगड, एक कोरडा नाला. तो नाला आम्ही तीनदा ओलांडला. (मी तीन वेगवेगळे नाले आहेत असं सांगितलं.) प्रशांतच्या महागड्या बुटांनी त्याच्या टाचा सोलल्या आणि तो बदकासारखा चालायला लागला. सुनंदा करवंदीची प्रत्येक काटेरी फांदी नेमकी मी मागून आलो की सोडून द्यायची. शेवटी तुरीचं शेत लागलं, शेताच्या पलीकडे घरं दिसली, आणि घरांकडून हातात काठ्या घेतलेली चाळीस-पन्नास माणसं आमच्या दिशेनं धावत येताना दिसली!

"भाऊजी, हे मारायला येतायत का?"

"आले! आले! वनखात्यावाले आले!" समोरून आरोळी आली.

झालं होतं असं. गावातल्या शेवंताबाईंच्या घरी एका खोलीत वेचणीचा कापूस साठवलेला होता, आढ्यापर्यंत. आदल्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी तांबूस जनावर त्या खोलीत शिरताना पाहिलं. सकाळी आतून गुरगुर ऐकू आली, तेव्हा तो बिबट्याच असं गावानं ठरवलं. दाराला बाहेरून कडी घातली आणि पोलीस पाटील गोविंदरावांनी वनखात्याला फोन केला. तिकडून 'निघालो' असा निरोप आला. आणि तेवढ्यात डोंगरातून खाकी कपड्यातले दोन पुरुष, दोर, दुर्बीण आणि काठ्या घेऊन खाली उतरले.

"गाडीनं येतीन वाटलं होतं," गोविंदराव हात जोडून म्हणाले. "तुमी तं डोंगरातून मागच्या मागं पायी आले! याले म्हनते ड्युटी!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्याच क्षणी शेवंताबाईंनी माझ्यापुढे पोह्यांची बशी धरली. वर भाजलेले शेंगदाणे, बाजूला लिंबाची फोड.

"अवो, सांगा न त्यायले," सुनंदा कानात कुजबुजली.

"पोहे होऊ दे."

मग चहा झाला. मग दुसरी बशी झाली. आणि दोन बशा पोहे खाल्लेला माणूस 'तो मी नव्हेच' असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

"केवढा आहे बिबट्या?" मी भारदस्त आवाजात विचारलं.

"एवढा," एकानं कमरेइतका हात केला.

"नाई बे, एवढा!" दुसऱ्यानं छातीला लावला. तिसरा तर ओट्यावर चढला.

"साहेब, जाळं कुठं हाय तुमचं?" गोविंदरावांनी प्रशांतला विचारलं.

दर शनिवारी गड सर करणाऱ्या त्या शूरवीरानं एका दमात सांगितलं, "साहेब ते आहेत. मी फक्त दोर सांभाळतो."

सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत माझ्याकडे इतक्या आदरानं कोणी पाहिलं नव्हतं. वर्गातली मुलं तर खिडकीबाहेर पाहतात. मला वाटलं, दार जरासं किलकिलं करून बघू, 'झोपलाय, उठवू नका' असं सांगू, आणि खरे लोक येईपर्यंत वेळ काढू.

"दोर बांधा मले," मी म्हणालो. सुनंदानं माझ्या कमरेला गाठ मारली. (इतकी घट्ट, की तिच्या मनात काय चाललंय ते पोटाला कळलं.) "तीन झटके दिले की ओढायचं."

"अवो, मूर्खपना करू नका. आपन सांगून टाकू."

"आता उशीर झाला, सुनंदा."

कडी काढली. दार उघडताच कापसाचा लोंढाच अंगावर आला. मी मागं सरण्याऐवजी पुढे पडलो आणि थेट आत! पाय टेकायला जमीनच लागेना. हात मारावा तितका मी खोल चाललेलो. नाकात कापूस, कानात कापूस, तोंडात सरकी. बाहेरून गोविंदरावांचा आवाज अगदी लांबून आल्यासारखा: "पाहा, कसा शिरला! भेव नाई त्याले!"

आणि मग अगदी जवळ, माझ्या उजव्या पायाशी, आवाज आला. गुर्रर्र.

मी तीन झटके देणार होतो. मी तीस दिले! वर कापसातून जेवढा फुटला तेवढा आवाज फोडला, "माय वो! धरलं! धरलं!"

"साहेबानं धरलं!" बाहेर जल्लोष झाला. "वढा रे!"

सगळं गाव दोराला लागलं. एका बाजूनं चाळीस माणसं, दुसऱ्या बाजूनं ज्यानं माझी पँट दातात पकडली होती ते जनावर, आणि मधात मी. माझे किती तुकडे होतील याचा हिशेब चाललेला असताना गुडघ्याची चेन 'सर्रर्र' अशी उघडली आणि मी बंदुकीच्या गोळीसारखा अंगणात जाऊन पडलो. पांढराशुभ्र. उजवा पाय गुडघ्याखाली उघडा, आणि त्यालाही कापूस चिकटलेला.

दारातून जनावराचं तोंड बाहेर आलं. दातात माझ्या पँटचा पाय.

"पाय नेला! साहेबाचा पाय नेला!" एक बाई किंचाळली आणि धाडकन खाली बसली. दहा-बारा जण पळाले. दोघं झाडावर चढले. मीसुद्धा त्या एका क्षणात 'गेला वाटते पाय' म्हणून हंबरडा फोडला. मुग्धानं धावत येऊन माझा पाय दोन्ही हातांनी दाबून पाहिला. "बाबा, आहे, आहे! रडू नका!" पोरगी स्वतःच रडत होती. ते पाहून मात्र मला पहिल्यांदा माझी खरी लाज वाटली.

"अरे थांबा!" गोविंदराव ओरडले. "हा तं आपला मोत्या!"

खरंच तो कुत्रा होता. पोलीस पाटलांचा, तांबूस, दोन दिवसांपासून बेपत्ता असलेला मोत्या. त्यानं पँटचा पाय माझ्यापुढे टाकला, एकदा गुरगुरला आणि परत कापसात घुसला.

शेवंताबाई कोणाला न विचारता सरळ आत गेल्या. पदर खोचून, कापूस बाजूला सारत. मग आतून त्यांचा आवाज आला, "अवो पाटील! तुमचा मोत्या बाळंत झाला!"

पाच पिल्लं होती.

गोविंदराव ओट्यावर टेकले. "तीन वर्ष झाले वो," ते पुटपुटले. "आमी त्याले गडी समजून राह्यलो."

"अन् पोट नाई दिसलं?" शेवंताबाई.

"म्या म्हनलं, खाऊन खाऊन माजला."

गाव इतकं हसलं, इतकं हसलं, की झाडावरचे दोघं उतरताना घसरून पडले. आणि त्याच हशात वनखात्याची खरी गाडी अंगणात येऊन उभी राहिली. खऱ्या खाकीतल्या एक बाई उतरल्या. त्यांनी कुत्री पाहिली, पिल्लं पाहिली, मग कापसानं मढलेला, एका पायानं हाफ पँटमधला मी पाहिला.

"तुम्ही कोण?"

माझ्या तोंडात अजून सरकी होती. मुग्धानं उत्तर दिलं, "हे माझे बाबा. भूगोल शिकवतात."

"मग इथे कसे काय?"

"भूगोलामुळेच."

मग मी सगळं कबूल केलं. पोह्यांसकट. गोविंदराव चिडतील असं वाटलं होतं, पण तीन वर्षं मोत्याला गडी समजणारा माणूस दुसऱ्याच्या चुकीवर काय बोलणार? त्यांनी मला नुसता धपका मारला, त्यातून पावशेर कापूस उडाला. शेवंताबाई मात्र म्हणाल्या, "साहेब नसा का गुर्जी असा, पन आतमधी गेले तं तुमीच. हे चाळीस पैलवान काड्या घेऊन बाहीर उभे होते." हे ऐकून सुनंदानं पहिल्यांदा माझ्याकडे जरा बरं पाहिलं आणि माझ्या कानातला कापूस काढला. जरा जोरातच काढला, पण काढला.

आमची गाडी जिथे उभी होती ती जागा तिथून रस्त्यानं बावीस किलोमीटर निघाली. वनखात्याची गाडी त्याच वाटेनं परतत होती, म्हणून त्या बाईंनी आम्हाला बसवून घेतलं. वाटेत प्रशांत बराच वेळ सोललेल्या टाचांना फुंकर घालत होता. मग हळूच म्हणाला, "भाऊजी, मागे घेतो शब्द. असला थरार सह्याद्रीत नाही."

महिनाभरानं शेवंताबाईंचा फोन आला. कापूस विकला होता, मोत्या (नाव तेच ठेवलं, आता बदलून तिचा गोंधळ कायले करायचा?) मजेत होती, पिल्लं धावायला लागली होती.

"गुर्जी, एका पिल्लाले तुमचं नाव देल्लं आमी. सारं गाव त्याले 'गुर्जी' म्हनते."

माझा ऊर भरून आला. मी फोन स्पीकरवर टाकला, सुनंदा आणि मुग्धाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "कोणतं हो पिल्लू? धीट असेल ते?"

"नाई वो," पलीकडून शेवंताबाई म्हणाल्या. "बाकी चार जन माय दिसली का तिच्याकडे धावत पयतात न, तवा एक उलट्या दिशेनं पयते. ते."